नवख्याची तिहेरी शर्यत

पंचवटी हें नांव उच्चारतांच महाराष्ट्रीय श्रोत्याच्या डोळ्यांसमोर प्रथम उभा राहतो तो गोदावरीचा घाट, रामकुंडांत उतरणारे यात्रेकरू आणि काळ्या रामाचें देऊळ. पाण्यांत उतरणें आणि पायीं चालणें या दोन गोष्टींची येथें कित्येक शतकांची परंपरा आहे. परंतु याच गोदातीरावरून हल्लीं भल्या पहाटे निराळ्या प्रकारचे साधकही जातांना दिसतात. कोणी डोक्यावर शिरस्त्राण चढवून दिंडोरी रस्त्यानें सायकल हांकीत असतो, कोणी तपोवनाच्या दिशेनें धांवत असतो, तर कोणी पोहण्याच्या तलावाकडे निघालेला असतो. यांपैकीं कांहीं जण तर या तिन्ही गोष्टी एकाच सकाळीं, एकामागून एक, मध्यें विश्रांति न घेतां करावयाच्या तयारींत असतात. या त्रिविध शर्यतीला ट्रायथलॉन असें नांव आहे. मराठींत तिला तिहेरी शर्यत म्हणावयास हरकत नाहीं.

या शर्यतीचे लहानमोठे अनेक प्रकार आहेत. सर्वांत गाजलेला जो ‘आयर्नमॅन’, त्यांत ३.८ किलोमीटर पोहणें, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धांवणें असतें. ऑलिंपिक सामन्यांत हा खेळ २००० सालीं सिडनी येथें शिरला. तेथील अंतरें १.५, ४० आणि १० किलोमीटर अशीं आहेत. त्यांच्या बरोबर निम्मीं, म्हणजे ७५० मीटर पोहणें, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धांवणें, हीं आंखूड पल्ल्याच्या शर्यतीचीं अंतरें होत. नवख्या माणसाची वाट बहुधा हिच्यांतूनच जाते.

पंचवटीच्या मापानें हीं अंतरें मोजून पाहिलीं तर तीं अधिक चांगलीं उमगतात. रामकुंडाची लांबी पंचवीस ते सत्तावीस मीटरांच्या आसपास आहे. तेव्हां ७५० मीटर म्हणजे त्या कुंडाच्या अठ्ठावीस ते तीस लांब्या, आणि त्याही कोठें कांठाला हात न लावतां. वीस किलोमीटर म्हणजे पंचवटींतून निघून म्हसरूळ मागें टाकीत दिंडोरी रस्त्यानें दहा किलोमीटर जावयाचें आणि तसेंच परतावयाचें. आणि पांच किलोमीटर धांवणें हें रामकुंडापासून तपोवनांतील संगमापर्यंत जाऊन परत येण्याहून फार मोठें नाहीं. यांतील कोणतीही एक गोष्ट निरोगी माणसाला अशक्य नव्हे. अवघड आहे तें त्यांचें एकत्र येणें.

या खेळाचें वय फार नाहीं. अमेरिकेंतील सॅन डिएगो शहरीं, मिशन बे नांवाच्या उपसागराच्या कांठीं, २५ सप्टेंबर १९७४ रोजीं धांवपटूंच्या एका मंडळानें ही शर्यत भरविली. जॅक जॉनस्टोन आणि डॉन शॅनाहान हे तिचे प्रवर्तक, स्पर्धक ४६. आरंभ धांवण्यानें झाला आणि पोहण्याचे टप्पे पुढें ठेवले होते. वेळ संध्याकाळची, मागें राहिलेले लोक पाण्यांत असतांनाच अंधार पडला आणि मोटारींचे दिवे पाण्यावर रोंखून त्यांना वाट दाखवावी लागली. त्या स्पर्धकांत जॉन कॉलिन्स नांवाचे एक नौदल अधिकारी होते. त्यांच्याच पुढाकारानें १८ फेब्रुवारी १९७८ रोजीं हवाई बेटांत पहिली आयर्नमॅन शर्यत झाली. तींत १५ जण निघाले आणि १२ जण पोहोंचले. पुढें पोहणें आरंभीं, मग सायकल आणि शेवटीं धांवणें हाच क्रम सर्वत्र रूढ झाला. या क्रमांत शहाणपण आहे. थकलेला माणूस धांवतांना थांबूं शकतो, सायकलवरून खालीं उतरूं शकतो. पण थकलेल्या अंगानें पाण्यांत उतरणें हा जिवाशीं खेळ आहे.

दमाच्या खेळांचें वेड नाशिकला नवें नाहीं. येथील डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारें ४,८०० किलोमीटरांची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकलची शर्यत दोघांच्या गटांत नऊ दिवसांच्या आंत पुरी केली. २०१७ सालीं तीच शर्यत एकट्यानें पुरी करणारे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांचेंही नांव नाशिकशीं जोडलेलें आहे. त्याच वर्षीं नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनींही ती एकट्यानें पुरी केली. त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनीं २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत दहा हजार मीटरांच्या धांवेंत कांस्यपदक मिळविलें. आणि २०१८ सालीं, नाशिकचे त्या वेळचे पोलीस आयुक्त रवींद्रकुमार सिंगल यांनीं, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, फ्रान्समध्यें आयर्नमॅन शर्यत पुरी केली. पुढच्याच वर्षीं, २०१९ च्या ऑक्टोबरांत, गोव्यांत पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर त्या शर्यतीचा अर्धा पल्ला भारतांत प्रथमच भरला.

अशीं उदाहरणें डोळ्यांसमोर असलीं म्हणजे माणसाला उमेद येते. पण त्यांचा एक दुष्परिणामही होतो. एवढाले पल्ले मारणारे लोक आपल्याच गांवांत आहेत हें पाहून नवख्याला आंखूड शर्यत क्षुल्लक वाटूं लागते. ‘साडेसातशें मीटर तर पोहावयाचें!’ असें म्हणून तो नांव नोंदवितो. सायकल रोज चालविलेली असते, धांवण्याचा थोडाबहुत सराव असतो, आणि पोहणें तर लहानपणींच आलेलें असतें. येथेंच विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

अमेरिकेंत १९८५ ते २०१६ या काळांत तिहेरी शर्यतींमध्यें घडलेले आकस्मिक मृत्यू आणि हृदय बंद पडण्याचे प्रसंग यांचा वैद्यकीय अभ्यास २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. असे १३५ प्रसंग सांपडले. त्यांपैकीं ९० पोहतांना घडले होते. सायकलच्या व धांवण्याच्या वांट्यास उरलेल्यांतील थोडे थोडे आले. बळी पडलेल्यांत शेंकडा ८५ पुरुष होते आणि त्यांचें सरासरी वय सत्तेचाळीसच्या घरांत होतें. ज्यांची शवचिकित्सा झाली त्यांच्यांतील पुष्कळांच्या हृदयांत वा रक्तवाहिन्यांत पूर्वीचाच दोष आढळला. एकंदरींत हें प्रमाण लाखीं दोनाहूनही कमी आहे, म्हणून भिऊन घरीं बसावें असा याचा अर्थ नाहीं. परंतु त्या अभ्यासांतील एक निष्कर्ष नवख्यानें अवश्य ध्यानांत ठेवावा: लांब पल्ल्याच्या आणि आंखूड पल्ल्याच्या शर्यतींत हें प्रमाण जवळजवळ सारखेंच निघालें. पल्ला लहान झाला म्हणून पाण्याचा धोका लहान झाला नाहीं. यासाठींच चाळिशी ओलांडलेल्या आणि बैठ्या व्यवसायांत असलेल्या माणसानें नांव नोंदविण्यापूर्वीं डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी, हा सल्ला भित्रेपणाचा नसून शहाणपणाचा आहे.

पंचवटींत वाढलेल्या मुलाला पाण्याची भीति कोठून असणार? पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून पोराला घाटावरून पाण्यांत सोडावयाचें, आणि हातपाय मारतां येऊं लागले कीं तो काढून घ्यावयाचा, ही पोहणें शिकविण्याची जुनी रीत. पावसाळ्यांत दुतोंड्या मारुतीच्या पायांना, कंबरेला कीं गळ्याला पाणी लागलें, यावरून नाशिककर पुराचें माप घेतात. आणि तशा पुरांतही उड्या घेणारे धाडसी पोहणारे या घाटांवर होऊन गेले आहेत. पण याच पुरानें बळीही घेतले आहेत, आणि बुडणाऱ्याला वांचविण्यासाठीं घाटावरच्या जीवरक्षकांना आपला जीव धोक्यांत घालावा लागला आहे.

नदीनें शिकविलेलें हें पोहणें आणि शर्यतींतील पोहणें यांत फरक आहे. नदींत पोहणारा डोकें पाण्याबाहेर ठेवतो, ओढीबरोबर तिरका जातो आणि शक्य तितक्या लवकर कांठ गांठतो. जें कांहीं करावयाचें तें दोनचार मिनिटांच्या जोरांत. शर्यतींत धरणाच्या जलाशयासारखें स्थिर पाणी असतें; तें माणसाला पुढें नेत नाहीं, आणि कांठ जवळ नसतो. नवख्याला ७५० मीटरांस पंधरा ते पंचवीस मिनिटें लागतात. तेवढा वेळ डोकें वर धरून पोहल्यास मान आंखडते, पाय खालीं जातात आणि प्रत्येक हात दुप्पट श्रमाचा होतो. दुसरीकडे, शहरांतील तलावांत शिकलेल्या माणसाची निराळी अडचण. त्याला दर पंचवीस मीटरांवर भिंत मिळालेली असते आणि तळाशीं आंखलेली रेघ दिसत असते. जलाशयांत भिंत नाहीं, रेघ नाहीं आणि गढूळ पाण्यांत स्वतःचा हातही धड दिसत नाहीं. म्हणून नदीवरच्या पोहणाऱ्यानें तलावांत जाऊन तोंड पाण्यांत घालून श्वास सोडावयास शिकलें पाहिजे, आणि तलावांतल्या पोहणाऱ्यानें जाणत्या सोबत्याबरोबर व नांवेच्या पहाऱ्यांत उघड्या पाण्याची संवय केली पाहिजे. एकट्यानें जलाशयांत उतरणें दोघांनींही कटाक्षानें टाळावें.

आतां प्रत्यक्ष शर्यतीकडे वळूं. शिटी वाजते आणि पन्नास-शंभर माणसें एकदम पाण्यांत शिरतात. पाणी उसळतें, कोणाचा पाय छातीवर बसतो, कोणाचा हात डोळ्यांवरच्या चष्म्याला लागून त्यांत पाणी शिरतें. थंड पाण्याचा स्पर्श होतांच श्वास आपोआप आंखूड होतो आणि हृदय जोरानें उडूं लागतें. हा देहाचा धर्म आहे. पण नवख्याला वाटतें कीं आपला दम संपला. शर्यत सुरू होऊन दोन मिनिटेंही झालेलीं नसतात आणि दम संपण्याजोगें कांहींच घडलेलें नसतें. तरी तो घाबरून अधिक जोरानें हात मारतो, त्यानें श्वास अधिकच तुटतो आणि तोंडांत पाणी जातें. जीव घेणारें जें चक्र आहे त्याचा आरंभ येथें होतो.

त्यांतून सुटण्याचा उपाय एकच: गति सोडून द्यावयाची. पाठीवर उताणें व्हावें, तोंड आकाशाकडे करावें आणि श्वास लांबवर सोडावा. शर्यतीचे नियमही येथें नवख्याच्या बाजूचे आहेत, पण पुष्कळांना ते ठाऊक नसतात. कोणत्याही पद्धतीनें पोहण्याची मुभा असते. पाण्यावर नुसतें तरंगत राहतां येतें. खुणेच्या तरंगत्या पिंपाला किंवा पहाऱ्यावरच्या नांवेला धरून विसांवाही घेतां येतो. तिचा आधार घेऊन पुढें मात्र सरकावयाचें नाहीं. हात वर करून मदत मागणें यांतही कमीपणा नाहीं. ज्यानें हें आधींच जाणून घेतलें आहे, तो आरंभींच गर्दीच्या मागें किंवा कडेला उभा राहतो, पहिल्यांना जाऊं देतो, आणि दहा-बारा हातांनंतर एकदां डोकें वर करून दिशा पाहत आपल्या चालीनें पोहत राहतो. त्याची वीस-तीस सेकंदें जातात. पण त्या बदल्यांत श्वास ताब्यांत राहतो.

पाण्याविषयीं बोलतांना त्याच्या शुद्धतेचा विचारही करणें प्राप्त आहे. २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत सेन नदीचें पाणी अशुद्ध आढळल्यामुळें पुरुषांची तिहेरी शर्यत ३० जुलैऐवजीं ३१ जुलैला घ्यावी लागली. गोदावरीच्या प्रदूषणाचा प्रश्नही मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. ज्या पाण्यांत तोंड घालून पाव तास पोहावयाचें, त्या पाण्याची चौकशी करण्याचा हक्क स्पर्धकाला आहे, आणि ती करणें हें भरविणाऱ्यांचें कर्तव्य आहे.

पाण्यांतून बाहेर येतांच माणूस सायकलकडे पळूं लागतो आणि त्याचा तोल जातो. इतका वेळ देह आडवा होता. तो एकदम उभा राहिल्यावर रक्ताला नव्या स्थितीशीं जुळवून घ्यावयास कांहीं क्षण लागतात. पहिलीं दहा-वीस पावलें चालत जावें हें उत्तम. सायकली ठेवलेल्या जागीं प्रत्येकाचें सामान मांडलेलें असतें. येथें नवख्याची तारांबळ पाहण्यासारखी असते. ओल्या पायांत मोजे चढत नाहींत, सदरा पाठीला चिकटतो, आपली सायकल कोणत्या रांगेंत आहे तेंच आठवत नाहीं. आदल्या दिवशीं ही अदलाबदल घरच्या अंगणांत दोनदां करून पाहिली तरी एवढा घोटाळा होत नाहीं. एक नियम मात्र कधींही विसरूं नये: शिरस्त्राण डोक्यावर घालून त्याचा पट्टा आंवळल्याखेरीज सायकलला हात लावावयाचा नाहीं, आणि जमिनीवर आंखलेल्या रेषेपलीकडे गेल्यावांचून तीवर बसावयाचें नाहीं.

सायकलवर बसल्यावर नवख्याला प्रथमच हायसें वाटतें. पाणी मागें राहिलें, श्वास मोकळा झाला, आणि पायांखालीं ओळखीचें यंत्र आलें. या आनंदांतच दुसरा धोका दडलेला आहे. बाजूनें कोणी पुढें गेला कीं त्याला गांठण्याची ईर्षा होते. दहा किलोमीटर असे उत्साहांत जातात, आणि परतीच्या वाटेवर वारा समोरून आला कीं मांड्या भरून येतात. वीस किलोमीटरांस नवख्याला पाऊण ते एक तास लागतो. त्या वेळांत त्यानें थोडथोडें पाणी पीत राहावें. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांत जड दांत सोडून हलका दांत घ्यावा, म्हणजे पायांना पुढील कामाची चाहूल लागते. या शर्यतीसाठीं भारी किंमतीची सायकल लागते हा समजही खरा नाहीं. ब्रेक नीट लागत असले, चाकांत हवा पुरेशी असली आणि पंक्चर स्वतः काढतां येत असलें, तर साध्या सायकलीवर ही शर्यत पुरी होते.

मग येतें धांवणें, आणि येथें देह एक चमत्कार दाखवितो. सायकलवरून उतरून धांवूं लागतांच पाय आपले नाहींतसे वाटतात. गुडघे वळत नाहींत, पाऊल कोठें पडतें तें समजत नाहीं, आणि माणूस बसल्या जागेवरून पळूं पाहत आहे असें बघणाऱ्यांना वाटतें. तासभर एकाच तऱ्हेनें फिरलेल्या स्नायूंना एकदम दुसरी चाल धरावी लागते, त्याचा हा परिणाम. ज्यानें हा अनुभव पूर्वीं घेतलेला नसतो त्याला वाटतें कीं सर्व शक्ति संपली आणि तो थांबतो. वस्तुतः ही अवस्था पहिल्या कांहीं मिनिटांपुरतीच असते. पावलें आंखूड टाकावीं, अंग सैल सोडावें, घाई करूं नये. किलोमीटरभर अंतर गेलें कीं पाय पुन्हां आपले होतात. सरावाच्या काळांत आठवड्यांतून एकदां सायकलवरून उतरल्याबरोबर दहा-पंधरा मिनिटें धांवण्याची संवय केली, तर हा पाहुणा ओळखीचा होतो आणि त्याची भीति उरत नाहीं.

अशा रीतीनें दीड ते दोन तासांत नवखा शेवटच्या रेषेपाशीं येतो. तोंवर अव्वल स्पर्धक कपडे बदलून चहा घेत बसलेले असतात. तरीही मागून येणाऱ्यासाठीं टाळ्या पडतात, आणि त्या टाळ्यांत सर्वांत मोठा आवाज बहुधा आधीं पोहोंचलेल्यांचाच असतो. कारण पाण्यांतील ती पहिलीं दोन मिनिटें काय असतात हें त्यांना ठाऊक असतें.

या शर्यतीनें नवख्याला काय मिळतें? पदक मिळतें तें तिघांना. इतरांना मिळतो तो आपल्या देहाचा परिचय. भीति आणि थकवा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, पण अंगांत त्या एकाच रूपानें उभ्या राहतात. छाती दोहोंनींही भरून येते, पाय दोहोंनींही गळतात. कोणती भीति आणि कोणता थकवा हें ओळखण्याचें शिक्षण पुस्तकांतून मिळत नाहीं. पाण्यांत घाबरलेला माणूस उताणा होऊन श्वास सोडतो आणि पुन्हां पोहूं लागतो, त्या क्षणीं तें त्याला मिळतें. आणि ज्या दिवशीं थकवा खरोखरीच खरा असेल, त्या दिवशीं हात वर करून नांवेंत बसण्याचें धैर्यही त्याच शिक्षणाचा भाग आहे. गोदावरीच्या कांठीं पुरांत उडी घेणाऱ्याचें कौतुक पिढ्यान् पिढ्या होत आलें आहे. पाण्यांत असतांना वेळींच थांबतां येणें ही कलाही तितक्याच कौतुकास पात्र आहे. ती ज्याला साधली, त्याला साडेसातशें मीटरही पुरतात आणि पुढें मोठे पल्लेही दूर राहत नाहींत.